फक्त मोटर आली?

‘१८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्लेने लेथ पूर्ण केला, पुढे फक्त मोटर आली’ हे लेथवरच्या (धातूचं काम फिरवून कातणारं यंत्र) तुमच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. लीड स्क्रू (हत्यार ठरावीक वेगाने सरकवणारा लांब स्क्रू), स्लाइड रेस्ट (हत्यार धरून सरकणारा आधार) आणि बदलते गिअर एका दणकट धातूच्या सांगाड्यावर आणले याचा मान या इंग्रज यंत्रकाराचाच. (स्लाइड रेस्ट मात्र फ्रान्समध्ये व्होकान्सन या यंत्रकाराच्या लेथवर १७५० च्या आसपास होताच.) पण बेडचं, म्हणजे ज्यावर हत्यार सरकतं त्या लांब पायाचं, काय?

मी ज्या लेथवर हात बसवला त्याचा बेड हार्ड केलेला नव्हता. कामं बहुतेक आखूड, त्यामुळे चकजवळचा (चक म्हणजे काम पकडून फिरवणारा भाग) भाग झिजून खोलगट झालेला. तिथे गिब (सरकत्या भागातली फट कमी करणारी पट्टी) आवळली की सॅडल (हत्यार वाहून नेणारा सरकता भाग) टेलस्टॉककडे, म्हणजे चकसमोरच्या न झिजलेल्या टोकाकडे, जाताना जाम. सैल ठेवली की लांब शाफ्टचं माप दोन टोकांना वेगळं. विसाव्या शतकात फ्लेम आणि इंडक्शन हार्डनिंग (ज्योतीने किंवा विजेने तापवून पृष्ठभाग कठीण करणं) आलं म्हणून हा त्रास कमी झाला. इंडक्शनमध्ये हाय फ्रीक्वेन्सी करंट बेडच्या बिडाचा (ओतीव लोखंडाचा) वरचा काही मिलिमीटरचाच थर लालबुंद करतो, मागोमाग पाण्याचा फवारा, नंतर ग्राइंडिंग. आतलं बीड तसंच राहतं, कंपनं जिरवणारं. हे सगळं ‘फक्त मोटर’मध्ये कुठे बसवलंत?