इंटरनेट सतत जात असेल, तर चूक तुमचीच आहे

आपल्या घरातील इंटरनेट घटकाभर चालून बंद पडत असेल, तर सर्वप्रथम हे मान्य करावे की चूक आपली आहे. ती नेमकी कोणती, हे कस्टमर केअरमधील मंडळी यथावकाश सांगतीलच. तोवर आपण अपराधी चेहऱ्याने राउटरसमोर बसून राहावे. गेल्या महिन्यात सलग अकरा दिवस मी ही साधना केली असल्यामुळे त्यावर थोडेफार अधिकाराने बोलू शकतो.

सुरुवात अर्थातच रीस्टार्टने करावी. राउटर बंद करावा, ३० सेकंद थांबावे आणि पुन्हा चालू करावा. अडकून पडलेली जोडणी त्यामुळे नव्याने जुळते आणि कधीकधी खरोखर गुण येतो, हाच या उपायाचा सर्वांत मोठा दोष आहे, कारण एकदा गुण आला की ‘बघा, झाले ना सुरू’ असे म्हणून तक्रार निकालात काढता येते. आपण फोन करण्यापूर्वीच सात वेळा रीस्टार्ट केला आहे, हे चुकूनही सांगू नये. फोनवरील व्यक्तीच्या साक्षीने केलेला रीस्टार्ट तेवढाच ग्राह्य धरतात.

स्पीड टेस्ट इंटरनेट चालू असतानाच करावी. बंद असताना ती होत नाही, आणि चालू असताना ती नेहमी उत्तम येते.

त्यानंतर वाय-फायला दोष द्यावा. यासाठी सामग्री मुबलक आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हन, ब्लूटूथची उपकरणे आणि शेजाऱ्यांचे राउटर दाटीवाटीने नांदत असतात, त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल जेमतेम तीन, म्हणजे १, ६ आणि ११. आणि ५ गिगाहर्ट्झकडे वळावे, तर ते वेगाने चालते खरे, पण दोन भिंती मध्ये आल्या की मान टाकते. एवढे आरोपी घरातच असताना बाहेरच्या वायरीवर संशय घेणे बरे नव्हे. माझा लॅपटॉप राउटरला केबलने जोडलेला होता आणि तोही त्याच क्षणी बंद पडत होता, हे मी सांगितले तेव्हा पलीकडून ‘मग वाय-फायचा पासवर्ड बदलून पाहा’ असा सल्ला मिळाला. मी तो बदलला. घरातील प्रत्येक उपकरणात नवा पासवर्ड टाकण्यात ती संध्याकाळ गेली, आणि इंटरनेट नव्या पासवर्डसह बंद पडू लागले.

संगणकावरून दुसऱ्या यंत्राला हाक मारून उत्तर येते का हे पाहणारी पिंग नावाची आज्ञा आपल्याला ठाऊक असल्यास ती विसरून जावी. एका खिडकीत राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ ला, आणि दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला सतत हाक मारत ठेवली, तर इंटरनेट जाताना पहिला पत्ता उत्तर देत राहतो आणि दुसरा गप्प होतो, यावरून बिघाड घरातील वायरिंगमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये नसून राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे, हे पाच मिनिटांत कळते. राउटरवरील ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा दिवा त्याच वेळी लाल झाला, तर फायबरमधून, म्हणजे इंटरनेट आणणाऱ्या काचेच्या तारेतून येणारा प्रकाशच कमी पडतो आहे, हेही उघड होते. मात्र पाच मिनिटांत उत्तर मिळाले, तर उरलेल्या अकरा दिवसांचे आपण काय करणार?

आता रीसेटविषयी. राउटरच्या पाठीला सुईच्या टोकाएवढे एक छिद्र असते. पाचव्या दिवशी मला त्यात पिन घालून दहा सेकंद दाबून धरण्यास सांगण्यात आले, आणि मीही आज्ञाधारकपणे ती दाबली. रीस्टार्ट आणि रीसेट यांत काय फरक आहे, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसावे, किंवा ठाऊक असूनही त्याचे त्याला काही वाटत नसावे. रीसेटने राउटरमधील सर्व नोंदी पुसल्या जातात आणि त्यांत जोडणी सुरू करण्यासाठी कंपनीने दिलेले युजरनेम व पासवर्डही असतात. म्हणजे त्या क्षणापर्यंत जे इंटरनेट अधूनमधून जात होते, ते आता पूर्णपणे गेले. ‘युजरनेम सांगा’ म्हटले, तर ‘ते आमच्याकडे दिसत नाही, तंत्रज्ञच सांगतील’; तंत्रज्ञ कधी येतील, तर ‘२४ ते ४८ तासांत’; आणि ४८ तासांनी मोबाईलवर संदेश आला की तंत्रज्ञ येऊन गेले, घर बंद होते, सबब तक्रार बंद करण्यात आली आहे. घर बंद नव्हते. त्या दोन्ही दिवशी मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले नव्हते, आणि कोणी बेल वाजवली नव्हती, फोन केला नव्हता, काहीही केले नव्हते.

नवी तक्रार नोंदवल्यावर अखेर एका तंत्रज्ञाने फोनवरच ती माहिती दिली आणि मी पुन्हा लाल दिव्यापर्यंत पोहोचलो. या वेळी मी राउटरच्या सेटिंगमधील पानावर येणाऱ्या प्रकाशाचा आकडा पाहू लागलो. तो डीबीएम या ताकद मोजण्याच्या एककात, उणे चिन्हासह दिसतो, आणि घरगुती फायबरवर साधारण उणे २७ च्या खाली गेला की यंत्राला तो धरून ठेवणे जड जाते. माझ्याकडे घराचे दार उघडे असताना तो उणे २१ होता आणि दार घट्ट लावले की उणे २९. आठ डेसिबलचा फरक म्हणजे प्रकाशाचा जेमतेम सहावा हिस्सा शिल्लक. जोडणी करायला आलेल्या माणसाने भिंतीला भोक पाडण्याचा कंटाळा करून वायर चौकटीच्या फटीतून घेतली होती, दार लागले की ती तिथे चेपली जात होती, आणि फायबर असे मुडपले की आतील प्रकाश वाटेतच बाहेर सांडतो. मी दार उघडून आणि लावून दोन्ही आकड्यांची छायाचित्रे पाठवली. उत्तर आले की कृपया राउटर रीस्टार्ट करावा.

इथे माझा विनोद संपला. कारण कंपनीवाल्यांनो, हा आकडा तुम्हालाही दिसतो. तुमच्या केंद्रातील यंत्रणेत प्रत्येक ग्राहकाची जोडणी कधी तुटली आणि कशामुळे तुटली, याची नोंद होते. घरातील वीज गेली, तर ग्राहकाकडची यंत्रे सहसा विझण्यापूर्वी ‘डाइंग गॅस्प’ नावाचा शेवटचा निरोप पाठवतात, म्हणून ग्राहकाने बटण बंद केले की फायबरचा प्रकाश गेला, एवढा भेद तुम्हाला खुर्चीतून न उठता करता येतो. तरीही तुम्ही अकरा दिवस मला विचारत राहिलात की प्लग नीट बसवला आहे का. फोन उचलणाऱ्या मुलामुलींवर माझा राग नाही, त्यांच्यासमोर जो कागद ठेवला आहे तो त्या वाचतात. राग तो कागद लिहिणाऱ्यांवर आहे, ज्यांनी बिघाड शोधण्यापेक्षा ग्राहकाला थकवणे स्वस्त आहे असा हिशेब मांडला. न आलेल्या माणसाच्या नावावर तक्रार बंद करणे याला खोटेपणा म्हणतात, त्याला दुसरा शब्द नाही. बाराव्या दिवशी आलेल्या तंत्रज्ञाने वायर फटीतून काढली, चौकटीच्या वर भोक पाडून आत घेतली आणि पंधरा मिनिटांत काम संपवले. हे तुम्हाला पहिल्या दिवशी करता आले असते. आता त्या अकरा दिवसांचे पैसे बिलातून वजा करा, आणि त्यासाठी मला पुन्हा तक्रार क्रमांक विचारू नका.