प्रोसेसर दिला नाही, हे खरं आहे

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, "चार कोअरचा प्रोसेसर घ्यायला गेलो तर अर्धा तास लेक्चर ऐकवलं आणि एसएसडी गळ्यात मारली. मुलाचं व्हिडिओचं काम अजून तसंच रखडतं." लेक्चरचं मान्य. घरचेही हेच म्हणतात.

तुमचं मशीन आय-३ ७१०० प्रोसेसर, एच११० मदरबोर्ड, जुनी हार्ड डिस्क. त्या दिवशी तुमची तक्रार एकच होती : हिशेबाचं टॅली उघडायला फार वेळ लागतो. तुमच्यासमोरच टास्क मॅनेजर उघडला, तर डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, जेमतेम २०-२५ वर. द्राक्षांच्या हंगामात पॅकहाऊसला बायका दुप्पट लावल्या आणि बागेतून क्रेट आणणारा टेम्पो एकच ठेवला, तर त्या बसूनच राहणार ना? म्हणून जुनी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवली. टॅली आता लगेच उघडतं, हे तुम्हीच फोनवर सांगितलं होतं. रिव्ह्यूत तेवढं राहून गेलं.

तुम्हाला हवा होता आय-५ ७४००. त्याला चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग, आहेत, तुमच्याला दोन, हे बरोबर. पण तुमचा आय-३ ३.९ गिगाहर्ट्झवर चालतो आणि तो आय-५ टर्बो (गरजेपुरता वाढणारा वेग) धरूनही ३.५ च्या वर जात नाही. पिढी दोघांची एकच. म्हणजे जे काम एकाच कोअरवर रेटलं जातं, ते पैसे घालून उलट थोडं सावकाश झालं असतं.

आता माझी चूक. या मशीनवर घरात अजून कोण काय करतं, हे मी विचारलंच नाही. व्हिडिओ एक्स्पोर्टचं, म्हणजे एडिट झाल्यावर तयार फाईल काढायचं, काम सगळ्या कोअरमध्ये वाटलं जातं, तिथे दोनाचे चार झाले की फरक दिसतो. हे तेव्हाच कळायला हवं होतं.

तरीही ७४०० मी आजही देणार नाही. तुमच्या बोर्डात सातव्या पिढीच्या पुढचं चालत नाही. आठव्या पिढीचा सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) नावाला तोच ११५१, पण प्रोसेसर बसवला तरी मशीन सुरू होत नाही. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत ना तुमचा आय-३ आहे, ना तो आय-५. त्यापेक्षा बोर्ड आणि सहा कोअरचा प्रोसेसर नवीन घ्या. एसएसडी तीच चालेल, बोर्ड डीडीआर४ प्रकारच्या रॅमचा घेतला तर रॅमसुद्धा तीच.

मुलाला एक प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर देऊन एमजी रोडला पाठवा. दुकानातल्या सहा कोअरच्या मशीनवर घड्याळ लावून एक्स्पोर्ट करू. पटलं तर घ्या, फिटिंगचे पैसे नकोत. फक्त तो कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट करतो ते आधी कळवा. काही सॉफ्टवेअर हे काम ग्राफिक्स कार्डवर ढकलतात, मग सगळा हिशेबच बदलतो. या वेळी आधीच विचारतोय.