दोन वेगांची रॅम एकत्र लावली म्हणून काही जळत नाही

कॉम्प्युटरची रॅम वाढवायचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. त्यातले दावे असे: वेगवेगळ्या वेगाच्या रॅम एकत्र लावल्या तर मदरबोर्ड जळतो, जळला नाही तरी जास्त वेगाची रॅम वाया जाते, आकडा मोठा तीच रॅम चांगली, दोन स्टिक (रॅमच्या पट्ट्या) सारख्या जीबीच्या नसतील तर ड्युअल चॅनल (दोन वाटांनी एकाच वेळी डेटा नेणं) बंद पडतं, म्हणून जुनी काढून टाका आणि सगळी नवी, एकाच कंपनीची घ्या. हे वाचून लोकांनी चांगली चालती रॅम काढून टाकलेली मी पाहिली आहे. म्हणून हे उत्तर.

आधी जळण्याचं बघू. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक बारीक चिप असते. ही स्टिक कोणत्या वेगाला चालते, तिला उत्तर द्यायला किती वेळ लागतो, याची नोंद त्या चिपमध्ये असते. मशीन सुरू होताना बायोस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम) सगळ्या स्टिकच्या नोंदी वाचतो आणि सगळ्यांना झेपेल तो वेग ठरवतो. डीडीआर४ (रॅमची चौथी पिढी) ची २६६६ आणि ३२०० वेगाची स्टिक शेजारी लावली तर दोन्ही २६६६ ने चालतात. प्रमाण वेगाला व्होल्टेज दोघींचं १.२ व्होल्टच असतं. यात जळण्यासारखं काहीच घडत नाही.

काळजी घ्यायची ती पिढीची. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, ती मुद्दाम तशी ठेवली आहे. स्टिक बसत नसेल तर जोर लावू नका, ती त्या बोर्डाची नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये आणखी एक पाहा: साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची, डीडीआर३एल १.३५ व्होल्टची, आणि काही लॅपटॉप फक्त डीडीआर३एलच घेतात. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड (सर्व्हरसाठीच बनवलेली) रॅमही घरच्या बोर्डावर चालत नाही.

आता ‘वाया जाते’ हा दावा. इथे गणितच करून पाहू. डीडीआर४ ची एक स्टिक एका वेळी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट पाठवते. ३२०० ची एकटी स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते. तिच्या जोडीला २६६६ ची लावली, दोन्ही २६६६ वर आल्या, पण आता दोन चॅनल चालू झाले. एकेका चॅनलचे सुमारे २१.३, दोन्हींचे मिळून ४२.६ जीबी. ‘हळू’ स्टिक जोडल्याने कमाल क्षमता वाढली! हा कागदावरचा आकडा आहे, रोजच्या कामात फरक एवढा मोठा जाणवत नाही. पण प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरणाऱ्यांना तो नक्की जाणवतो, कारण त्या ग्राफिक्सची मेमरी हीच असते. शिवाय दोन्ही स्टिक ८ जीबीच्या असतील तर ८ चे १६ जीबी झाले. रॅम भरली की मशीन डिस्कवर ढकलाढकली करू लागतं, आणि चांगली एसएसडीसुद्धा रॅमपेक्षा शेकडो पट उशिरा उत्तर देते. ज्याचं मशीन रॅम भरून अडखळतं आहे, त्याला २६६६ की ३२०० या प्रश्नाने काहीही फरक पडणार नाही. त्याला जीबी हवेत.

आकडा मोठा तीच रॅम चांगली, हे अर्धंच खरं आहे. मुळात ३२०० हे मेगाहर्ट्झ नाहीतच. घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचं असतं, प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून सेकंदाला ३२०० दशलक्ष फेऱ्या. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १६०० दिसलं की आपली फसवणूक झाली असं अनेकांना वाटतं, तसं नाही. दुसरं म्हणजे सीएल. मागितल्यावर पहिला डेटा यायला किती ठोके लागतात ते हा आकडा सांगतो. सीएलला २००० ने गुणा, वेगाने भागा, की नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३२०० सीएल २२ म्हणजे १३.७५. वेग तोच, वाट पाहणं वेगळं. आणि ३६०० सीएल १८ पुन्हा १० च! आकडा वाढला, पण पहिल्या उत्तराचा वेळ जिथल्या तिथे.

ड्युअल चॅनलचं उत्तर छोटं आहे. ८ आणि ४ जीबी लावले तर अनेक बोर्ड दोन्हींतले ४-४ जीबी जोडीने चालवतात, उरलेले ४ एकट्याने. फक्त स्लॉट बरोबर निवडा. चार स्लॉटच्या बोर्डावर ते बहुतेकदा दुसरा आणि चौथा असतात, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

‘सगळी नवी, एकाच कंपनीची घ्या’ या शेवटच्या दाव्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मान्य करायलाच हवं. खोक्यावर ३६०० लिहिलेलं असतं तो बहुधा एक्सएमपीचा, म्हणजे प्रमाण वेगाच्या वर ताणलेला वेग असतो. तो बायोसमध्ये चालू करावा लागतो, आणि कंपनीने तो त्या एका खोक्यातल्या स्टिकपुरताच तपासलेला असतो. एकाच मॉडेलच्या दोन खोक्यांत आतल्या चिपही वेगळ्या निघू शकतात. अशा स्टिक मिसळून एक्सएमपी चालू केलं तर मशीन मध्येच बंद पडू शकतं. डीडीआर५ मध्ये चार स्टिकचा भार तर आणखी जड जातो: एएमडी कंपनीच्या रायझन ७००० प्रोसेसरना दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२०० आहे, चारवर ३६००. तिथे दोन मोठ्या स्टिक घेणंच योग्य.

पण यावरून ‘जुनी काढून टाका’ असा निष्कर्ष निघत नाही. मिसळलेली रॅम एक्सएमपी बंद ठेवून लावा आणि मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर त्या मशीनवर महत्त्वाचं काम करू नका, कारण चुकणारी मेमरी फायली गुपचूप बिघडवते. मग एकेक स्टिक वेगळी लावून तपासा. दोष एकीतच असेल तर तेवढीच बदला. एकेकटी दोन्ही नीट चालत असतील तर वेग आणखी एक पायरी खाली आणून जोडी पुन्हा तपासा.