1983चा विक्रम आणि ‘आजच्या मुलींत दम नाही’ हा दावा

चेकोस्लोव्हाकियाची धावपटू यार्मिला क्राटोखव्हिलोवा हिचा फोटो आणि त्याखाली ठरलेला मजकूर सध्या फिरतोय: ‘1983 साली 800 मीटर 1:53.28 मध्ये. त्यानंतर कुणी जवळपासही फिरकलं नाही. आजच्या मुलींत दम नाही. शिवाय ही बाई नव्हतीच, आणि उत्तेजकं घेतल्याचं सिद्ध झालंय.’

हा विश्वविक्रम म्युनिकमधला, आणि 2025 संपेपर्यंत तो टिकून होता, एवढं खरं.

‘जवळपासही नाही’ हे खोटं. 2008 मध्ये केनियाची पामेला जेलिमो झुरिकला 1:54.01 धावली. 2025च्या टोकियो जागतिक स्पर्धेत लिलियन ओदिराने 1:54.62 वेळ देऊन क्राटोखव्हिलोवाचाच 1983चा स्पर्धा-विक्रम (म्हणजे जागतिक स्पर्धेतली सर्वोत्तम वेळ, 1:54.68) मोडला. त्याच शर्यतीत आणखी दोघी 1:55च्या आत होत्या. ही बातमी त्या मजकुरात कुणालाच घालावीशी वाटली नाही, याचा मला राग येतो.

‘दम नाही’? मग 1500 मीटर पाहा. चू युनशियाचा 1993चा 3:50.46 बावीस वर्षं टिकला. 2015 मध्ये गेन्झेबे दिबाबाने तो मोडला आणि फेथ किपयेगॉनने पुढे तीनदा विक्रम करत 3:48.68 पर्यंत आणला. 800 मीटर अडून बसलंय, त्याचं एक मोठं कारण वेग आहे. क्राटोखव्हिलोवा त्याच उन्हाळ्यात 400 मीटर 47.99 मध्ये धावली होती. 800 मीटरच्या ऑलिम्पिक विजेत्या कीली हॉजकिन्सनची 400 मीटरची वेळ 51 सेकंदांपेक्षा जास्त आहे. इतक्या वेगाची धावपटू सहसा 800कडे वळतच नाही.

‘बाई नव्हती’ याला पुरावा काय, तर रुंद खांद्यांचा फोटो! हे निव्वळ हिणवणं आहे.

उत्तेजकांचा मुद्दा मात्र झटकता येत नाही. चेकोस्लोव्हाकियात सरकारी देखरेखीखाली खेळाडूंना उत्तेजकं दिली जात, हे नंतर बाहेर आलेल्या कागदपत्रांवरून दिसलं. स्पर्धेबाहेरच्या अचानक चाचण्याही तेव्हा आंतरराष्ट्रीय पातळीवर सुरू झाल्या नव्हत्या. म्हणून माझाही संशय कायम आहे. पण तिची एकही चाचणी दोषी ठरलेली नाही आणि तिने आरोप कायम नाकारलेत. याला ‘सिद्ध झालंय’ म्हणत नाहीत. 2017 मध्ये युरोपीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने जुने विक्रम यादीतून काढण्याचा प्रस्ताव पुढे केला, तोही अमलात आला नाही. तिचं नाव आजही अधिकृत यादीत आहे.