प्रतिगुरुत्वाचं बटण दाबलं तरी सोलापूरचा सात रस्ता चौक आभाळात जाणार नाही

‘गुरुत्वाकर्षण 5 सेकंद बंद पडलं तर सगळं ताशी 1600 किलोमीटर वेगाने वर फेकलं जाईल. वजनच नसल्यामुळे एसटी बोटाने ढकलता येईल. आणि प्रतिद्रव्य (नेहमीच्या द्रव्याचं उलट विद्युतभाराचं जुळं) वर पडतं, हे सिद्ध झालंय.’ व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरातले हे तीन दावे.

आधी 1600. आकडा खरा आहे. सोलापूर 17.7 अंश उत्तरेला, तिथे पृथ्वीच्या फिरण्याचा वेग सेकंदाला 443 मीटर. पण तो जमिनीला समांतर, पूर्वेकडे, आणि जमीनही त्याच वेगाने चाललेली. गुरुत्व सुटलं की वस्तू सरळ जाते, जमीन खालून वळत राहते. या फरकाने मिळणारं वरचं त्वरण 0.031 मी/से², नेहमीच्या गुरुत्वाच्या सुमारे तीनशेवा हिस्सा. 5 सेकंदांत 38 सेंटिमीटर! शिवाय 12 सेंटिमीटर दक्षिणेला, म्हणजे विजापूर रोडच्या अंगाला. कारण हा रेटा पृथ्वीच्या अक्षापासून दूर असतो, सरळ डोक्यावर नाही.

हे फक्त चौकातल्या घन वस्तूंचं गुरुत्व गेलं असं धरून. सगळ्या पृथ्वीचंच गेलं तर तिच्या पोटातला दाब सुटेल, मग हिशेब करायला कोण उरतंय? चौकापुरतंच गेलं तर भोवतालच्या हवेचं वजन शाबूत, म्हणून तिचा उत्प्लावक रेटा (हवा वस्तूला वर ढकलते तो) मिळतोच. दगडाला त्याने जेमतेम 5 सेंटिमीटरची भर, पण आतल्या हवेसकट वजन गेलेला फुटबॉल दोन मीटर चढेल.

खरी उडी रिक्षा मारेल. सस्पेन्शनची स्प्रिंग वजनाने 10 सेंटिमीटर दबलेली असली, तर सुटताना सेकंदाला जवळपास 1 मीटर वेग देते. शॉकअॅब्सॉर्बरने अर्धा खाल्ला तरी 5 सेकंदांत दोन-अडीच मीटर. गुरुत्व परत आलं की मोडतोड होईल ती इथे.

एसटीचं वजन जातं, वस्तुमान नाही. 10 टनांची गाडी 100 न्यूटनने (10 किलो उचलायला लागतो तेवढ्या जोराने) 5 सेकंद ढकलली तर ती साडेबारा सेंटिमीटर सरकेल. त्याहून वाईट म्हणजे थांबवणं: टायरला पकड नाही, ब्रेक निकामी. भिंत आणि गाडीच्या मध्ये उभं राहू नये.

प्रतिद्रव्याचा दावा तर सरळ खोटा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या अल्फा-जी प्रयोगाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले: प्रतिहायड्रोजनचे (प्रतिद्रव्यातल्या हायड्रोजनचे) बहुतेक अणू खालीच पडले. मोजलेलं त्वरण नेहमीच्या 0.75 पट आलं. त्रुटीची मर्यादा पाहता 1 पट असणंही त्यात बसतं, वर पडणं बसत नाही.

काही जण याच्याही पुढे जाऊन ‘ऋण वस्तुमाना’चा (शून्याहून कमी वस्तुमानाचा) आधार घेतात. तसं काही अजून सापडलेलं नाही. सापडलं तरी ऋण वस्तुमानाचा दगड खालीच पडेल: बल उलटं, पण जडत्वही उलटं, म्हणजे ढकलाल त्याच्या उलट सरकणारं. जमीन त्याला वर ढकलेल आणि तो त्यामुळेच आणखी खाली घुसेल.