फी घेताना तोंड शिवलं होतं का?

आज परत डोकं फिरलंय. मामेभाऊ टेक्सासमध्ये घरं विकणाऱ्या एजंटचं लायसन्स काढतोय, त्याने जिथे क्लास लावले त्या रिअल इस्टेट स्कूलला फोन लावला, स्पीकरवर, मी शेजारीच बसले होते. पोराने शांतपणे विचारलं, अ‍ॅडमिशनच्या वेळी मी स्वतःहून सांगितलं होतं की कॉलेजात असताना दुकानातून वस्तू उचलल्याची जुनी केस आहे, तेव्हा फिटनेस डिटर्मिनेशनबद्दल, म्हणजे जुनी केस लायसन्सला आडवी येईल का हे आधीच विचारून घेण्याच्या अर्जाबद्दल, तुम्ही एक अक्षर का नाही काढलंत? तर बाई म्हणते, ते आमचं काम नाही, लायसन्स देणाऱ्या राज्याच्या कमिशनच्या वेबसाइटवर सगळं असतं. आणि वर विचारते, पुढच्या पॅकेजवर सवलत चालू आहे, घेणार का! अरे जनाची नाही तर मनाची तरी?

टेक्सासमध्ये लायसन्सला 180 तास शिकावं लागतं, 30-30 तासांचे सहा कोर्स. हा नोकरी करून रात्री जागला, परीक्षा पास झाला, बोटांचे ठसे दिले, तेही नव्याने कारण आधी दुसऱ्या खात्याला दिलेले चालत नाहीत, आणि आता फाइल बॅकग्राउंड चेकमध्ये अडकलीये. 50 डॉलर भरून आधीच तो फिटनेस डिटर्मिनेशनचा अर्ज केला असता तर एकही क्लास न लावता कळलं असतं केस आडवी येते की नाही. फक्त 50 डॉलर!

आणि त्या जुन्या केसमधलं ते डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन, म्हणजे निकाल लांबणीवर टाकणं. जज म्हणाला प्रोबेशन नीट पूर्ण कर, मी दोषी ठरवत नाही, याने केलं, केस डिसमिस झाली, घरात सगळ्यांना वाटलं सुटलो. पण लायसन्सच्या अर्जात तेही लिहावंच लागतं, नाही लिहिलं तर लपवलं म्हणून प्रामाणिकपणावरच बोट. याने खरं लिहिलं. आता कोर्टाच्या सर्टिफाइड कॉप्या, स्वतःचं निवेदन, शिफारसपत्रं, सगळं गोळा करत फिरतोय. म्हणतो, "ताई, तेव्हा कोर्टात पण इतकी भीती वाटली नव्हती गं."

चौकशी करू नका असं मी म्हणतच नाही, लोकांच्या घराच्या चाव्या हातात असतात, करायलाच पाहिजे. पण न्यूजर्सीत कायदाच सांगतो की चोरीचा गुन्हा असेल तर 5 वर्षं लायसन्स नाही, आणि त्यातूनही शॉपलिफ्टिंग, म्हणजे दुकानातून वस्तू उचलणं, वगळलंय. इतकं सरळ लिहिता येतं ना? मग इथे माणसाने महिनोन्‌महिने अंदाज का बांधत बसायचं? आणि त्या सिग्नलवर 'घर रोखीने घेतो' पाट्या ठोकणाऱ्यांचा तर मला भयंकर राग आहे, घर नावावर न घेता नुसता खरेदीचा करार पुढे दुसऱ्याला विकतात, समोरच्याला तसं सांगितलं की लायसन्सच लागत नाही, मग ठसे नाहीत, चौकशी नाही, काही नाही. आणि खरं लिहिणारा बसलाय ताटकळत.

टेक्सासमध्ये कुणाच्या घरात असं जुनं प्रकरण असेल तर आधी तो 50 डॉलरचा अर्ज करा, उत्तर हातात पडेपर्यंत कुठल्याही स्कूलला एक पैसा देऊ नका, ते कितीही गोड बोलले तरी.