४१ वेळा हरलेला कोच

१२ विजय, ४१ पराभव, एक बरोबरी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल कोचचा १९७४ ते १९७९ या सहा हंगामांतला हा हिशेब. १९७८ मध्ये तर रटगर्स विद्यापीठाने कोलंबियाचा ६९-० असा धुव्वा उडवला. (फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, हेल्मेट घालून अंगावर धावून जायचा. आपल्या कोल्हापूरचा नव्हे.)

कोचचं नाव बिल कॅम्पबेल. मॅनेजमेंटवाले त्याची गोष्ट सांगतात ती पुढची: ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज, गूगलचे एरिक श्मिट आणि लॅरी पेज यांचा गुरू वगैरे. मधले ४१ पराभव एका वाक्यात उरकतात. मला मात्र त्यांचंच जास्त कुतूहल आहे.

जन्म १९४०चा, पिट्सबर्गजवळच्या होमस्टेड या पोलाद गिरण्यांच्या गावातला. अंगकाठी जेमतेम ७५ किलोंची, तरी १९६१ मध्ये कोलंबियाने आयव्ही लीग (अमेरिकेतल्या आठ जुन्या, नामांकित विद्यापीठांची स्पर्धा) जिंकली तेव्हा कप्तान हाच होता. कोच म्हणून मात्र जमलं नाही. का, ते त्यानेच पुढे सांगितलं: या कामाला जो कोरडेपणा लागतो तो माझ्यात नव्हता, पोरांना काय वाटेल याचाच मी फार विचार करायचो.

चाळिशीच्या उंबरठ्यावर माणूस नव्याने नोकरी शोधायला निघाला. आधी जाहिरात कंपनी, मग कोडॅक, १९८३ मध्ये ॲपल. ॲपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरची ती गाजलेली ‘१९८४’ जाहिरात संचालक मंडळाला अजिबात आवडली नव्हती. ती दाखवायचीच, असं ठरवणाऱ्यांत हा होता. नंतर पेनने लिहायच्या कॉम्प्युटरची ‘गो’ कंपनी चालवायला घेतली, ती साफ बुडाली. १९९४ मध्ये इन्ट्यूट या हिशेबाची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख झाला आणि तिथे बस्तान बसलं. गूगलच्या लोकांना तर तो वर्षानुवर्षं मार्गदर्शन करत राहिला. मैदानावर जी माया नडली, तिच्याचपायी मोठमोठे सीईओ त्याच्यापुढे मन मोकळं करायचे.

इथवर गोष्ट गोड आहे. पण एकाच वेळी ॲपलचा संचालक, इन्ट्यूटचा अध्यक्ष आणि गूगलचा सल्लागार! एकमेकांची माणसं फोडायची नाहीत, असे आतले करार या कंपन्यांनी केले होते. २०१० मध्ये अमेरिकी न्याय खात्याने त्यावरून सहा कंपन्यांवर खटला भरला, त्यांत या तिन्ही होत्या. पुढे बाहेर आलेल्या ईमेलांत कॅम्पबेलही दिसतो: एरिकने (म्हणजे गूगलच्या श्मिटने) ॲपलची माणसं घेणं थांबवलंय, असं तो जॉब्जला कळवतोय. इंजिनिअरांच्या दाव्यात २०१५ मध्ये ॲपल, गूगल, इंटेल आणि अडोबी यांनी मिळून ४१.५ कोटी डॉलर मोजले. सगळ्यांचा विश्वासू असणं मालकांना सोयीचं होतं. ज्या पोरांचा पगार त्यामुळे वाढायचा राहिला, त्यांना काय वाटेल याचा विचार या कोचने केला होता का? भाषणांत हा भाग येत नाही. आपल्याकडच्या पोरांनी तरी हा प्रश्न विचारावा. सिलिकॉन व्हॅलीत नोकरी करणारं कुणी ना कुणी आता आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतं.

तरीही माणूस मला आवडतो, हे लपवत नाही. एवढा पैसा आणि ओळखी असून तो शाळेतल्या आठवीच्या मुलांना फुटबॉल शिकवायला जायचा. सराव चालू असताना फोन वाजायचा, स्क्रीनवर ‘स्टीव्ह जॉब्ज’ हे नाव पोरांना दिसायचं, आणि हा फोन न उचलता खिशात टाकायचा.

२०१६ च्या एप्रिलमध्ये कॅन्सरने गेला. निरोपाला हजाराहून जास्त माणसं जमली, त्याच शाळेच्या मैदानावर.